बटणाचं अंतर

शनिवार, १२ डिसेंबर १९९८, कोल्हापूर

सागवानी पेटी, पितळी बटणं, दिव्यांचं वायरिंग, सगळं माझ्या हातचं. अंगठा खाचेत टेकवायचा, दिवा लागला की बोटानं बटण दाबायचं. मानसशास्त्राच्या सरांनी त्यावर कॉलेजच्या पोरापोरींची चपळाई मोजली नि ठरवलं, मुली मंद.

आज एक मुलगी म्हणाली, "काका, अंगठा इथं टेकवला की बोट बटणाला पोचतच न्हाय की!"

खरंच. ते अंतर मी माझ्या पंजावरनं घेतलेलं.

सरांना सांगितलं, तर म्हणाले, "राहू द्या हो मिस्त्री, निष्कर्ष छपाईला गेलाय. अशाच आणखी दोन पेट्या करा."

जुनी पेटी घरी आणून तिचं अंतर बदलायला बसलोय. पण बाईच्या हाताचं माप कुणाचं घेऊ? ही वारल्यापासून घरात दुसरा हातच नाही.

तसल्याच नव्या पेट्या करणार नाही, असं सरांना सांगून आलो. दोन पेट्यांचे आठ हजार देत होते.