दोरीच्या आत फक्त मालक

१२ जानेवारी, रविवार
परभणीत १६ फेब्रुवारीला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन. क्लबचे सेक्रेटरी पूर्ण्याचे सटवाजी. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर, जवळ एक जुनी जीप. त्यांनी फोन करून नियम समितीचं अध्यक्षपद मला दिलं. समितीत आणखी कोण, असं विचारलं तर म्हणाले, "सध्या तुमीच." म्हणजे निवड एकमताने.

योग्यच. बत्तीस वर्षं सरकारी ऑफिसात काढली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. लोक अशा ठिकाणी येतात, बोनेटवर टेकतात, लेकरांना सीटवर बसवून फोटो काढतात, जजला बाजूला घेऊन कानाशी लागतात. हे सगळं आता बंद.

माझी फियाट १९७२ ची. पहिलं बक्षीस तिचंच. पण अध्यक्षाने स्वतःच्या सोयीचे नियम केले असं कोणी म्हणायला नको. म्हणून कडक करणार.

१५ जानेवारी, बुधवार
नियम झाले. एकूण चौदा. जजशी कोणी आपणहून बोलायचं नाही (नियम दोन). दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही (नियम चार). गाडी स्वतःच्या इंजिनावर मैदानात आली पाहिजे, टेम्पोत घालून नाही. आणि नियम नऊ, माझा सर्वात आवडता: 'दोरीच्या आत फक्त मालक. मेकॅनिक, ड्रायव्हर व इतर मंडळी दोरीबाहेर थांबतील.' मालकाला गाडीतलं किती कळतं हे त्याशिवाय उघड कसं होणार?

सुमनला वाचून दाखवले. तिने विचारलं, "अन् नागसेन कुठं उभा ऱ्हाणार?" मी म्हणालो, मेकॅनिकचा इथे काय संबंध. ती मेथी निवडत राहिली. बायकोला टेक्निकल विषयात गती नाही.

१९ जानेवारी, रविवार
नागसेन आला होता. मानवतमध्ये त्याचं गॅरेज आहे. वीस वर्षांपासून माझी स्कूटर तोच बघतो. गॅरेज रविवारी बंद, म्हणून रविवार फियाटचा.

न्यायाने लिहायचं तर ही गाडी मी दवाखान्यामागच्या शेडमधून आणली तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. तिथून आजपर्यंत तीन वर्षं. इंजिन उतरवणं, पत्रा, वायरिंग, दारांच्या बिजागऱ्या हे नागसेनने केलं. पण व्हिजन माझं. प्रत्येक रविवारी खुर्ची टाकून मी तिथे हजर. पांढरा रंग हा निर्णयही माझाच. (आधीही पांढरीच होती.)

नागसेन म्हणजे घरचाच माणूस. आमच्याकडे भेदभाव अजिबात नाही. चहा तो बाहेर ओट्यावर घेतो, कारण हाताला ग्रीस असतं. सुमन म्हणते, हात धुतल्यावरही तो तिथेच बसतो. त्याला मोकळी हवा आवडत असावी.

आज म्हणाला, "तात्या, टाकीत गंज लय हाय. एकदा उतरवून धुवावी लागती. न्हाईतर ऐन टायमाला कचरा येईल." मी म्हणालो, प्रदर्शनानंतर बघू. टाकी काही जजला दिसत नाही.

२५ जानेवारी, शनिवार
प्रवेश अर्ज भरला. रकाना सहा: 'गाडीचे काम कोणी केले?' इथे पेन जरा अडखळलं. मग लिहिलं, 'स्वतः'. रकाना लहान होता. शिवाय 'स्वतः केलेली गाडी' असा वेगळा विभाग आहे आणि त्यात एन्ट्री कमी आहेत. नागसेनला असल्या कागदांची हौस नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार
जज ठरल्या. नांदेडच्या एका कॉलेजात ऑटोमोबाइल शिकवणाऱ्या धम्मशीला मॅडम. नावावरून लक्षात आलं. मी असलं काही मानत नाही. फक्त नोंद केली.

दुपारी त्यांना फोन लावला. जजला नियम नीट समजले का हे बघणं अध्यक्षाचं कर्तव्य आहे. ओघात माझ्या फियाटचा विषय निघाला. वीसेक मिनिटं. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, नियम दोन तुमीच लिहिलाय ना?" स्मरणशक्ती चांगली आहे बाईंची. आपली गाडी त्यांच्या लक्षात राहणार.

९ फेब्रुवारी, रविवार
नागसेनने विचारलं, रविवारी किती वाजता निघायचं. मी त्याला नियम नऊ शांतपणे समजावला. तो म्हणाला, "मग मी नको येऊ?" यायचं तर! रस्त्यात काही झालं तर कोण बघणार? फक्त मैदानात पोचल्यावर बाहेर थांबायचं.

तो बराच वेळ एकच पाना पुसत होता. मग म्हणाला, "रेणुकालाबी गाडी बघायचीय. तीन वर्षं रविवारी घरात नव्हतो, कशापायी ते तिला दाखवतो. मागच्या सीटवर बसली तर चालंल का?" रेणुका म्हणजे त्याची बायको. मी म्हणालो, सीट कव्हर नवीन आहेत, सुरकुत्या पडतात, जज बघतात. ती एसटीने येईल असं ठरलं.

सुमनने आतून ऐकलं. बाहेर येऊन म्हणाली, "मग मीबी एसटीनंच येते. रेणुकाला सोबत व्हईल." उत्तम. मागची सीट कोरी राहील.

१६ फेब्रुवारी, रविवार. पहाटे साडेपाच
आजचा दिवस. कोट इस्त्रीचा. चौदा नियमांच्या तीस प्रती खिशात. भाषण पाठ. भाषणात नागसेनचं नाव घ्यावं असं एकदा वाटलं. वेळ उरला तर घेईन.

सकाळी साडेनऊ. मैदान
प्रवास उत्तम. दोनदाच थांबलो. दोन्ही वेळा नागसेनने कार्बोरेटरचा जेट काढून तोंडाने फुंकला. पेट्रोल ओठाला लागतं, पण त्याला सवय आहे.

इथे शिस्त नावाला नाही. एकाने माझ्या बंपरवर चहाचा ग्लास ठेवला. त्याला नियम चारची प्रत दिली. त्याने ग्लास प्रतीवर ठेवला. राणीसावरगावचा परमेश्वर नावाचा शेतकरी वडिलांची जुनी जीप घेऊन आलाय. रकाना सहात त्याने जास्तीचा कागद जोडून अकरा नावं लिहिली आहेत. पेंटर, वेल्डर, मेहुणा, सीट शिवणाऱ्या चांगुणाबाई! मी हरकत घेतली. सटवाजी म्हणाले, "लिहू द्या की." या माणसाला ऑफिस माहीत नाही.

संध्याकाळी सात
जे झालं ते क्रमाने लिहितो. तटस्थपणे.

अकराला मॅडम माझ्या गाडीपाशी आल्या. माइकवाल्याने अर्ज वाचला: "तात्याराव, मानवत. गाडीचं संपूर्ण काम स्वतः, स्वतःच्या हातांनी!" 'हातांनी' हे त्याने पदरचं घातलं, मी लिहिलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोरीपलीकडे नागसेन उभा होता, शेजारी रेणुका, तिच्या शेजारी सुमन. रेणुकाने नागसेनकडे बघितलं. तो गाडीकडे बघत होता.

मॅडमनी बोनेट उघडायला सांगितलं. खटका डॅशबोर्डच्या खाली कुठेतरी आहे हे मला चांगलं माहीत आहे. ऐनवेळी वायपर सुरू झाले. दुसऱ्या खेपेला चोक हातात आला. शेवटी त्यांनीच वाकून खटका ओढला.

त्या आत वाकून वायर न् वायर बघत गेल्या. मग म्हणाल्या, "काम लय सुंदर झालंय, काका." मी मान लववली. म्हणाल्या, "पॉइंटचा गॅप किती ठेवलाय?" मी विचार करत असल्यासारखं वर बघितलं. नागसेनने पोटाशी हात धरून हळूच चार बोटं दाखवली. मी म्हणालो, "चार."

"चार काय?"

"चार सूत."

दोरीपलीकडे कोणीतरी मोठ्याने हसलं. "आर्धा इंच! बोट जाईल की त्यात!" मग बरेच जण हसले. आता कळतंय, ते मिलिमीटरचे चार दशांश होते. बोटांनी दशांश कसा दाखवणार? चूक पद्धतीची होती.

मग गाडी सुरू करायला सांगितली. ती दोनदा खोकली आणि बंद पडली. पुन्हा. पुन्हा. स्टार्टर रडायला लागला. नागसेन म्हणाला, "तात्या, थांबा, बॅटरी बसंल," आणि दोरीखालून एक पाय आत टाकला.

इथे मी जे केलं ते अध्यक्ष म्हणून केलं. मी म्हणालो, "नियम नऊ!" माइकवाला शेजारीच होता, त्यामुळे आवाज सगळ्या मैदानात गेला. पुढचंही गेलं. मी मॅडमना म्हणालो, "गॅरेजचा माणूस आहे. याचा गाडीशी संबंध नाही."

नागसेन तसाच थांबला, एक पाय आत, एक बाहेर. मॅडमनी त्याला विचारलं, "दादा, हे काम तुमी केलंय का?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी रेडिएटरकडे बघत होतो. तो म्हणाला, "मी गॅरेजचा माणूस. माझा संबंध न्हाई." पाय बाहेर घेतला. रेणुकाला घेऊन बस स्टँडकडे निघून गेला. सुमनही त्यांच्यासोबत गेली.

पहिलं बक्षीस परमेश्वरच्या जीपला. अकराही जण स्टेजवर चढले, फोटोत मावेनात. माझ्या कागदावर मॅडमचा शेरा: 'काम उत्कृष्ट. ज्याने केले त्याचे नाव अर्जात नाही. स्पर्धेतून वगळले.'

सटवाजींनी फियाट आपल्या जीपला बांधून मानवतपर्यंत ओढत आणली. दोरी सोडली आणि चहाला न थांबताच परत गेले. दमले असतील.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
निकालाविरुद्ध तक्रार लिहिली. अडीच पानं. मुद्दा तीनमध्ये एवढंच सुचवलं की जज आणि सदर मेकॅनिक एकाच समाजाचे असल्याने आपसात समजूत असण्याची शक्यता तपासावी. जातीयवाद यात काही नाही. शक्यता म्हटलंय.

सुमनला वाचून दाखवली नाही. ती तसंही रविवारपासून कामापुरतंच बोलते.

२० फेब्रुवारी, गुरुवार
पूर्ण्याला जाऊन तक्रार सटवाजींच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. मुद्दा तीनवर बोट ठेवून विचारलं, "ह्ये तुमी लिवलं?" मी म्हणालो, फक्त शक्यता.

ते म्हणाले, "तात्याराव, त्या बाईला नागसेनचं नावबी म्हाईत नव्हतं. निकाल सांगून झाल्यावर मला इचारत व्हती, त्यो माणूस कोण म्हणून. लय शोधलं तिनं त्याला." मग कागदाची घडी घालून माझ्या खिशात परत ठेवली. "मी ह्ये वाचलंच न्हाई. घरी जा."

नियम समिती बरखास्त. पुढच्या वर्षी नियम नऊ राहणार नाही.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. पण बाहेर काय होतं ते आठवत नाही. तक्रार मानवत रोड स्टेशनवर फाडली. कोणी वाचू नये म्हणून. मीसुद्धा.

२३ फेब्रुवारी, रविवार
नागसेन आला नाही. लग्नकार्य असेल.

मग ठरवलं, कार्बोरेटर आपणच साफ करायचा. मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस दहा मिनिटांत करतो. मला चार तास लागले. सगळं जोडल्यावर दोन स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली. बहुधा जास्तीची असावी. गाडी सुरू झाली नाही. डाव्या अंगठ्याला चीर गेली.

सुमनने हळद लावली. लावताना म्हणाली, "परवा रेणुकाकडं गेल्ते. त्यानं त्या दिवसाबद्दल घरात एक शब्द काढला न्हाई म्हणं. तुमच्या इरुद्धबी न्हाई." मी म्हणालो, बघ, म्हणजे त्याला वाईट वाटलेलं नाही. तिने माझा अंगठा जरा जोरात बांधला.

२४ फेब्रुवारी, सोमवार
आळीतल्या चौघांनी ढकलून फियाट गॅरेजपर्यंत नेली. मी स्टिअरिंगवर. वाटेत वाक्य तयार केलं होतं. 'नागसेन, माझं चुकलं.' तीन शब्द. बत्तीस वर्षं मी याहून कितीतरी मोठे मसुदे केलेत.

तो एका ट्रॅक्टरखाली होता. बाहेर आला, हात पुसले. मी म्हणालो, "त्या दिवशी माइकचा आवाज जरा जास्तच होता."

"व्हय," तो म्हणाला. "लांबपोतूर ऐकू आलं."

रागाने म्हणाला नाही. मला थांबायला हवं होतं, पुढचं म्हणायला हवं होतं. मी उरलेले स्क्रू आणि स्प्रिंग त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते एका डबीत टाकले, डबीवर चिठ्ठी चिकटवली. मग भिंतीला टांगलेली वही काढली. गिऱ्हाइकांची. अशी वही त्याच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं, मला कधी लागलीच नाही.

"तुमच्या आधी सोळा गाड्या हायत," तो म्हणाला. "नंबर आला की फोन करतो. नाव सांगा."

मी सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याने लिहिलं.

"मोबाइल नंबर?"

मी एकेक आकडा सावकाश सांगितला. शेवटचे दोन त्याने पुन्हा विचारले. घरी चालत आलो.