अप्पांचा ठिपका

भवानी पेठ, सोलापूर
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. महेश्वरी हिस,
अप्पांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेली गुळाची ढेप पोचली. नातवंडांनी पहिल्याच दिवशी तिचा एक कोपरा उडवला. फोनवर तुझं बोलणं मला निम्मंच ऐकू येतं, म्हणून हे पत्र. शिवाय पत्र सोमेशच्या यंत्रात जात नाही, हेही एक कारण आहे.

ते यंत्र तुला माहीत आहे की. मागं कुठल्याशा कंपनीनं तुझ्या भावाचं खातं अचानक बंद केलं आणि पोरांचे बारशापासूनचे फोटो गेले. तेव्हापासून तो म्हणतो, आपलं ते आपल्याच घरात राहायला पाहिजे. दिवाणाशेजारी एक जुना कॉम्प्युटर ठेवलाय, तो अखंड घुमत असतो. त्याला सर्व्हर म्हणायचं. त्यावर लोकांनी कधी नावही न ऐकलेली, कुणीकुणी हौसेनं बनवून फुकट दिलेली ॲप्स बसवलीत. एक फोटो सांभाळतं. एक घरातले कागद वाचून ठेवतं. नळपट्टी म्हटलं की पावती समोर. एकात सूनबाईनं, सिद्धेश्वरीनं, तुझ्या आईची, अव्वाची, शेंगाचटणी लिहून ठेवलीय. खाली लिहिलंय, मीठ अव्वा अंदाजानं घालायच्या. ते मी दोनदा वाचलं.

इथपर्यंत मला लई आवडलं. पण त्यात एक नकाशाचं ॲपही आहे, हे परवा जेवताना कळलं. भाकरी मोडता मोडता सोमेशनं विचारलं की अप्पा, गुरुवारी तुम्ही होटगी रोडला कशाला गेला होता. माझ्या फोनचा ठिपका त्याच्या नकाशावर हिंडतो म्हणे. मी सांगितलं, माझा मित्र गुरुसिद्धप्पा, त्याच्याकडं गेलो होतो.

तो म्हणतो, ही माहिती कुठल्या कंपनीकडं जात नाही, घरातच राहते. मला तेच खटकतं. कंपनीला माझं काय पडलंय? घरातलं माणूस टक लावून बघतं तेव्हा अवघडतं. तुला काय वाटतं ते मोकळेपणी लिही. प्रभुरावांना नमस्कार. आमच्यावर जीव आहेच तुझा, तो असाच राहू दे.

तुझा,
अप्पा

माळशिरस
१५ डिसेंबर २०२४

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इकडं ऊसतोड चालू आहे, अंगणात सगळीकडं पाचट. ह्यांना दोन घास खायला सवड नाही, तरी तुमचं पत्र त्यांनी मागून घेऊन वाचलं आणि हसून म्हणाले की मामांचं अक्षर अजून दुकानाच्या पाटीसारखं आहे.

अप्पा, सोमेशवर रागावू नका. श्रावणात तुम्ही बाळीवेशीत उभे होतात आणि घर कुठल्या बाजूला ते तुम्हाला आठवेना. फुलवाल्यानं हाताला धरून घरी आणून सोडलं. तुम्ही ऊन लागलं म्हणालात. आम्ही मान डोलावली, पण त्या दिवसापासून सोमेश तुम्ही बाहेर पडलात की बेचैन असतो. त्यानं तुम्हाला विचारून बसवायला हवं होतं, एवढं मात्र मी त्याला लिहिणार आहे.

आता माझंही सांगते. तो नकाशा माझ्या फोनवरही दिसतो. ठिपका हलला की अप्पा चालताहेत म्हणून बरं वाटायचं. पण त्या गुरुवारी तो गुरुसिद्धप्पाकाकांकडं नव्हता. काका दिवाळीपासून अक्कलकोटला मुलाकडं आहेत, काकूंनीच कळवलं होतं. ठिपका एका दवाखान्याच्या गल्लीत होता. मी सोमेशला बोलले नाही आणि तुम्हालाही विचारत नाही. वाटेल तेव्हा तुम्हीच सांगा. फक्त बरोबर कुणी हवं असलं तर एक ओळ लिहा, मी तोड सोडून येईन.

तब्येतीला जपा, आणि लेकीवर माया आहे तशी असू द्या.

तुमची,
महेश्वरी

भवानी पेठ, सोलापूर
२९ डिसेंबर २०२४

चि. सौ. महेश्वरी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचायच्या आधीच सगळं उलगडलं. पुढच्या खेपेला मी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलो तर समोर बाकावर सोमेश. ठिपक्यामागोमाग आला होता. मी काही बोलायच्या आत तो आत शिरला, डॉक्टरांना विचारून आला आणि माझ्यासमोर रडला.

माझी स्मरणशक्ती उतरणीला लागली आहे, महेश्वरी. सुरुवात आहे, गोळ्या दिल्यात, चालणं सोडू नका म्हणतात. श्रावणातच मला कळलं होतं की ते ऊन नव्हतं. आधी मी एकट्यानं ऐकून घेणार होतो. मग संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला तू आलीस की तुम्हा दोघांना जवळ बसवून सांगणार होतो. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. अजून माझ्या हातात असलेली ती एक गोष्ट होती. तीही यंत्रानं आधी सांगून टाकली.

मी फोन जोंधळ्याच्या डब्यात टाकला आणि तसाच फिरायला जाऊ लागलो. सोमेश मागं मागं यायचा, कोपऱ्याआड थांबायचा. शेवटी सिद्धेश्वरी त्याला म्हणाली की आपल्या घरात डोकावतात म्हणून कंपन्यांना तुम्ही बाहेर काढलं आणि त्यांच्या जागी स्वतः जाऊन बसला. तो जेवला नाही त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, अप्पा, नकाशा ठेवायचा की काढायचा तुम्ही सांगा. मी बराच विचार केला. बाळीवेशीतला तो दिवस आठवला. फुलवाला रोज भेटेलच असं नाही. मी म्हणालो, ठेव, पण माझ्या नावावर. मग त्यानं माझं वेगळं खातं केलं, पासवर्ड मला टाकायला लावला आणि स्वतः तोंड फिरवून बसला. हेही सांगितलं की अप्पा, यंत्र माझ्या ताब्यात आहे, मनात आणलं तर मी आत शिरू शकतो, पण शिरणार नाही. खोटा दिलासा दिला नाही, ते मला बरं वाटलं. आता तुझ्याही फोनवर ठिपका दिसत नसेल. दिवेलागणीपर्यंत मी परतलो नाही आणि सोमेशचा फोन आला, तर माझ्या खात्यात शिरून ठिपका बघायचा, तेवढं तुझ्यावर सोपवतोय.

पासवर्ड तुला ओळखता येईल. तुझी अव्वा चिडली की मला कन्नडमधून जे म्हणायची आणि तू तोंडावर पदर घेऊन हसायचीस, तेच. एरवी तू तो वापरू नकोस. पण एखाद्या पत्रात मीच तुला विचारलं की माझा पासवर्ड काय होता गं, तर मला उत्तर लिहू नकोस. त्या दिवसापासून माझा ठिपका तू सांभाळ.

तोवर मी माझा हिंडतो.

तुझा,
अप्पा