पाचर काढायला दोघं लागतात

डॅडी, तुम्हाला लिहायचं लिहायचं म्हणत मी किती वर्षं ढकलली, ते माझं मलाच ठाऊक नाही. आधी वाटायचं, नीट नोकरी लागली की लिहीन. मग नोकऱ्या लागत गेल्या आणि सुटत गेल्या. शारजात टाइल्सचं दुकान, मग एका हॉटेलची लाँड्री, आता दुबईत रास अल खोरचं एक गोदाम. लिहायचं राहिलं ते राहिलंच. आज लिहितोय तेसुद्धा प्रेम उतू चाललंय म्हणून नाही, वैतागून लिहितोय. अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका व्हिलाच्या पार्किंगमध्ये उलट्या बादलीवर बसलोय. समोर माझ्या कमरेएवढं कॅथेड्रल आहे, आणि ते उभं आहे की नाही, हे मला सांगता येत नाही. हे सगळं तुमच्यामुळे.

झालं असं, की इथली आपली वसईची मंडळी दर नाताळला या व्हिलात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा करतात. व्हिला ज्यांचा, ते अंकल एका हॉटेलात बँक्वेट सांभाळतात, त्यामुळे सजावटीतलं सगळं आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज. मीटिंगमध्ये यंदा काय करायचं विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी गॉथिक कॅथेड्रल करतो, त्याच्या आत गोठा." अंकल खूश. म्हणाले, "हबीबी, थर्माकोल आण, कट कर, वर ग्रे स्प्रे मार, खलास." मी म्हटलं, थर्माकोल नाही, हलक्या सिमेंट ब्लॉकचे तुकडे. साइटवर फेकून देतात, करवतीने मस्त कापले जातात. आणि गोंद अजिबात नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंकल म्हणाले, "गोंद नाही? का रे, नाताळआधीच्या आगमनकाळात गोंदाचा उपास धरलायस का?"

यांना काय सांगू? माझे वडील सेंटरिंगवाले होते, आणि त्यांना एका फ्रेंच पुस्तकाचं वेड लागलं होतं, हे सांगू? फादरांनी रद्दीतून काढून दिलेलं ते जाडजूड पुस्तक. फ्रेंचचं अक्षर तुम्हाला येत नव्हतं, चित्रं मात्र अशी वाचायचात, की मम्मी म्हणायची, प्रार्थनेचं पुस्तक इतकं उघडलं असतं तर संत झाले असते. स्वयंपाकघरात, तिच्या ओट्याच्या एका कडेला, लाकडाच्या उरल्यासुरल्या ठोकळ्यांच्या तुम्ही कमानी लावताय आणि मी नि दादा खाली बसून बघतोय. गोल कमान बाजूला ढकलते, तुम्ही सांगताय, म्हणून तिला जाड भिंत लागते. टोकदार कमान वजन खाली नेते. मग भिंत पातळ करता येते, आणि पातळ झालेल्या भिंतीत एवढाल्या रंगीत काचा बसवता येतात. तरी थोडं बाजूला ढकलतेच, त्याला बाहेरून हे हात. भिंतीपासून लांब उभे राहून छपराला टेकू देणारे ते दगडी अर्धकमानींचे टेकू, त्यांना तुम्ही हात म्हणायचात, आणि मी अजून हातच म्हणतो. त्या हातांच्या खांबांवरचे छोटे कळस म्हणजे नक्षी नव्हे, वरून दाबायला ठेवलेलं वजन. हे तुम्ही नुसतं चित्र बघून ओळखलंत. मी नंतर यूट्यूबवर तपासलं, बरोबर निघालं.

सगळंच बरोबर निघालं असतं तर मग काय! छपराच्या कडेचे ते तोंड वासलेले राक्षस म्हणजे मजुरी बुडवणाऱ्या कंत्राटदारांचे चेहरे, गवंड्यांनी सूड म्हणून कोरलेले, असं तुम्ही सांगितलंत. मी ते लाँड्रीत असताना एका इटालियन गेस्टला ठणकावून सांगितलं. तो बिचारा हसून हसून खुर्चीत बसला. म्हणाला, अरे, त्यांच्या तोंडातून पावसाचं पाणी पडतं, त्या पन्हळी आहेत. पुस्तकात लिहिलेलं असणार ना, डॅडी? कोणाला तरी वाचायला सांगायचं. पण नाही. मला अजून तुमचेच कंत्राटदार दिसतात, ते वेगळं.

असो, मी भरकटलो. तुम्ही म्हणायचात, तिकडे आजोबाने पाया खणला आणि नातवाने छप्पर बघितलं. एका गावाने शेजारच्या गावाहून उंच करायच्या नादात इतकं वर नेलं, की छत खालीच आलं. मग मधे जास्तीचे खांब घालून पुन्हा बांधलं. सगळं अशा आवाजात, जसं काही ते लोक आपल्या मागच्या आळीत राहतात. आणि त्यातलं तुम्हाला सगळ्यात आवडायचं ते सेंटरिंग. कमान पुरी होईपर्यंत तिला खालून धरणारा लाकडी सांगाडा, त्याच्या पायाशी ठोकलेल्या पाचरी. पाचर काढली की सांगाडा बसतो, कमान एकटी पडते, आणि ती उभी राहते का, ते मगच कळतं. पुस्तकातल्या एकाही चित्रात ते लाकूड नव्हतं. तुम्ही बोटाने दाखवायचात, "इथे होतं." तुमचं सगळं आयुष्य काढून टाकायच्या गोष्टी बनवण्यात गेलं.

एकदा मी गुपचूप एका सांध्याला गोंद लावला होता. तुम्ही ओरडला नाहीत. सगळं खाली घेतलंत, ठोकळा न् ठोकळा, आणि म्हणालात, "गोंदाने राहिलं ते उभं नाही, चिकटलेलं आहे." बस, तेव्हापासून मी कामातून गेलो! कुठल्याही हॉटेलच्या लॉबीत खोटी कमान दिसली की माझी मान वर, हातातली चादरींची चळत वाकडी, आणि सुपरवायझरच्या शिव्या.

दर नाताळला तुम्ही घरच्या गोठ्यासाठी ठोकळ्यांचं कॅथेड्रल रचायचात, आणि पाचरी काढताना डावीकडे मी, उजवीकडे दादा. तुम्ही मोजू द्यायचा नाहीत. मोजलं की एक जण पुढे पळतो. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, त्याने श्वास सोडला की आपणही सोडायचा, आणि हात आपोआप एकदम हलतात. आमचे हलायचे. मग त्या एका डिसेंबरात दादाला रास अल खैमाच्या सिरॅमिक कारखान्यात नोकरी लागली. जाताना तो म्हणाला, "लोकांच्या बिल्डिंगी उभ्या करून पोट भरलं नाही डॅडी, आता ही कोणासाठी उभी करताय?" त्या नाताळला कॅथेड्रल पुरं झालं, पण लाकूड आतच. मी म्हटलं, शेजारच्याला बोलावू. तुम्ही म्हणालात, "मोठा आल्यावर काढू." बाळ येशू सगळ्या टेकूंच्या गर्दीत झोपला, लोक म्हणाले, गोठा आहे की चालू साइट? आणि ईस्टरआधीच्या उपासकाळात तुम्ही गेलात. मम्मीने ते ठोकळे पाणी तापवायच्या चुलीत घातले. ते उभं राहिलं असतं का, हे मला कधी कळलंच नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

तुमच्या अंत्यविधीला यायला दादाला सुट्टी मिळाली नव्हती. आता आम्ही एकाच देशात, आणि बोलतो ते मम्मीच्या गोळ्यांबद्दल. मी त्याला व्हॉइस मेसेज टाकला होता, दादा, पाचर काढायला ये. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

मग काय, इथलेच लोक धरले. पहिल्यांदा अंकल उजवीकडे बसले आणि बाटलीचं बूच काढावं तशी पाचर उपटली. सगळं खाली. पुन्हा रचलं. मग त्यांची मुलगी बसली, मी सांगून सांगून थकलो की मोजू नकोस, तरी "वन, टू" आणि टूलाच ओढली. पुन्हा खाली. वर तीच मला विचारते, "बट अंकल, इट वॉज ऑलरेडी स्टँडिंग. व्हाय रिमूव्ह द वुड?" तुम्ही काय उत्तर दिलं असतंत, डॅडी? तुम्हीही शेवटी ठेवलंतच ना आत?

आता तिसऱ्यांदा रचलंय. आत सगळे जेवतायत, इंदेलच्या रश्शाचा वास इथपर्यंत येतोय, तळलेले पिठाचे फुगे संपत आले असतील. अंकलने बजावलंय, चर्चमधल्या संध्याकाळच्या मिस्साआधी फादर आशीर्वाद द्यायला येणार, तोवर लाकडं निघाली तर ठीक, नाहीतर ग्लू गन आणि वरून कापूस, यल्ला. आणि मी जे धरतो ते अर्धवट सोडतो, हे इथेही सगळ्यांना कळेल.

हे पत्र कुठे पाठवणार? बादलीखाली राहील. एक सांगून टाकतो, मागच्या बाजूच्या एका हाताला मी गोंद लावलाय. एकच थेंब. भीती वाटली.

गेट वाजलं. कंपनीची पांढरी पिकअप आहे, आणि तिच्यातून कारखान्याच्या कपड्यांतच दादा उतरलाय. कसा आहेस नाही, काही नाही. सरळ कॅथेड्रलभोवती फिरला, मागे वाकला, आणि नखाने तो थेंब खरवडून काढला. आता उजवीकडे उकिडवा बसलाय, पाचरीवर हात ठेवून. माझ्या तोंडाकडे बघतोय.