फळ्यावरचे सात तास

॥ श्री ॥
गारगोटी, २५ जून २०२५
चि. विश्वजित यास अ. उ. आ.
कान गेल्यापासून फोन म्हणजे मला नुसती खरखर, म्हणून हे पत्र. शेजारची स्नेहल याचा फोटो काढून तुला पाठवेल. तुझ्या आईला कोल्हापूरला राजारामपुरीत डॉक्टरांना दाखवले. हृदय थकलंय म्हणाले. आज-उद्याची भीती नाही, पण मुलाला कळवून ठेवा. बोलताना तिला दम लागतो, तरी रोज विचारते की विश्वा किती लांब हाय. एकतीस वर्षे एस.टी.त कंट्रोलर होतो, पण सिडनीचे वेळापत्रक आमच्या स्टँडवर कधी लागले नाही. किलोमीटर आणि वेळ, दोन्ही लिही.
आशीर्वाद पाठीशी आहेतच.
आबा

॥ श्री ॥
सिडनी, २६ जून
ती. आबांस शि. सा. न.
आईचे वाचून लगेच विमानाच्या वेळा बघितल्या. विमान सकाळी दहाला सुटते, संध्याकाळी पाचला बंगळूरला उतरते. अंतर सव्वानऊ हजार किलोमीटर. पुढे रात्रीची बस, सकाळी कोल्हापूर. लगेच निघू का? रजेचे मी बघतो, तुम्ही फक्त हो म्हणा.
माया आहे तशीच असू द्यावी.
विश्वजित

॥ श्री ॥
गारगोटी, २८ जून
चि. विश्वजित यास अ. उ. आ.
स्वयंपाकघरात फळा टांगून खडूने लिहिले: सिडनी सुट १०, बंगळूर पोच ५, सात तास. आपली गारगोटी-मुंबई याहून जास्त खाते. तुझी आई म्हणाली की यवढ्या जवळ हाय तर कामावरनं कशाला उठवायचं त्येला, दिवाळीला येऊ दे. फळा टांगल्यापासून पोटभर जेवते, झोपते. तेव्हा घाई नको. आणि जाताना नेलेला माझा मफलर परत आण.
जिवाला जप.
आबा

॥ श्री ॥
सिडनी, ३ जुलै
ती. आबांस शि. सा. न.
आबा, वेळा मी तिथल्या-तिथल्या घड्याळाच्या दिल्या. आपले घड्याळ इथल्यापेक्षा साडेचार तास मागे. सात नव्हे, विमानातच साडेअकरा तास जातात. आईला खरे सांगा. मला राहवत नाही, पंधरा तारखेचे तिकीट काढले आहे. मफलर बॅगेत टाकला.
माझ्यावर रागावू नये, लोभ असावा.
विश्वजित

गारगोटी, ९ जुलै
चि. विश्वजित,
वर श्री घातलेला नाही, त्यावरून तू ओळखलेच असशील. तुझी आई आज दुपारी बाराला गेली. अग्नी मीच दिला.
सात तास खोटे, हे मला पहिल्याच दिवशी कळले होते. सव्वानऊ हजार किलोमीटर सात तासांत कोण तोडतो? पण तिला झोप लागू लागली, म्हणून पुसले नाही. पुढे रोज बघून बघून फळा मलाच खरा वाटायला लागला. तुला तेव्हाच ये म्हणायला हवे होते. चूक माझी आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस.
सकाळी तिने विचारले की निघाला का. मी सांगितले, दहालाच सुटला, संध्याकाळी पोचतोय. तिने एकदा फळ्याकडे बघितले. मग माझा हात धरून पडून राहिली.
रक्षाविसर्जन शुक्रवारी, अकरा तारखेला, सकाळी नऊला. उद्याचे दहाचे विमान धर. साडेअकरा तास, पुढे रात्रीची बस, कोल्हापुरातून पहिली गारगोटी गाडी. नऊच्या आत पोचतोस. या खेपेला सगळे धरून मोजले आहे. तरीही उशीर झालाच, तर भाऊबंद काही म्हणोत. एकतीस वर्षांत मी कुणासाठी गाडी थांबवली नाही. तुझ्यासाठी थांबवीन.
आबा