मामानं पाठवलेलं बाभूळ

न्हावरे, ता. शिरूर

दौंडचे आमचे मेव्हणे मारुतराव यांना सोपानरावाचा रामराम.

इकडं समदं खुशाल, डोळे तेवढे अजून लाल हायेत. तुमचा गुडघा कसा हाय? डोकं बरं असंल, त्याला तुम्ही कधी ताण देत न्हाई.

ज्ञानेश्वरीच्या लग्नाला मामा म्हणून तुम्ही जळणाची अख्खी ट्रॉली पाठवलीत, उपकार झाले. ओंडके ताजे आन् दोघांना उचलंनात एवढे जड. मला लाकूड वेगळंच वाटलं म्हणून फोन केला, तर तुम्ही साल बघायला सांगितली आन् म्हणालात, "काटे हायेत ना? मग बाभूळच." (या हिशोबानं आमच्या दारातला गुलाबबी बाभूळच.) फोडू नका, ऊन दाखवू नका, कस जातो, असंबी बजावलंत. तुमची बहीण साखरबाई शेजारीच उभी, तवा माझी काय बिशाद! ओंडके भुईवर रचले, वरून प्लास्टिक घट्ट बांधलं.

हळदीच्या दिवशी प्लास्टिक सोडलं. खाली बुरशी, वर कोवळी पालवी. तो पांगारा निघाला. (पानमळ्यात वेल चढवायला लावतात तो. जड व्हता तो नुसत्या पाण्यानं.) आचाऱ्यानं तरी चूल पेटवली. भात काय शिजंना, धूर मात्र मांडवभर. पाठवणी दुसऱ्या दिवशी, पण व्याही मंडळी आदल्या दिवशीच ढसाढसा रडली. लई मायाळू माणसं, असं गावात नाव झालंय त्यांचं.

शेवटी शेजारच्या सखूबाईंच्या दारात गेलो. त्यांच्या पडवीत खरं बाभूळ, फोडून, दगडांवर वारा लागंल असं रचलेलं, एकमेकांवर आपटलं की खणखण वाजणारं. आन् बाई डेअरीच्या निवडणुकीत माझ्याच विरोधात उभ्या. शांतपणे म्हणाल्या, "लाकूड न्या, भावजी. पण उभं ऱ्हायचं न्हाई."

मांडवात पाहुणे उपाशी, पोर रडकुंडीला आलेली. मी व्हय म्हणालो. जेवणं झाली, ज्ञानेश्वरी हसत नांदायला गेली, आन् मी तुमच्या कृपेनं राजकारणातून मोकळा झालो. आता एकच मागणं, इथून पुढं आमच्या दारी काडीबी धाडू नका.

वैनींना नमस्कार.

आपला,
सोपानराव

ता. क. अर्ज मागं घ्यायची मुदत त्याच सकाळी संपली व्हती. सखूबाईंच्या ध्यानात न्हवतं, मी बोललो न्हाई. माझं नाव मतपत्रिकेवर हायच. तुमची सासरवाडी आमच्याच गावात, तिथं घरटी डेअरीची मतं हायेत, ती तुमच्या शब्दावर पडतील. तवा रविवारी मतदानाला गुडघा धरून का व्हईना, या.

ता. क. पुन्हा. वरचं मनाला लावून घेऊ नका. लाकूड तसं चांगलं व्हतं.