तांदळातलं नाव

१२ ऑक्टोबर
बी.पी. १४८/९०. साखर बघितली नाही. जन्मभर सुई चालवली, पण टोचून घ्यायचा कंटाळा.
वही डॉक्टरनं आकडे लिहायला दिलीय. आकड्यांना एक ओळ पुरते, उरलेलं पान वाया जातं म्हणून लिहिते. तिसरी पास बाईनं याहून काय लिहायचं.
ईशाचा फोन आला. नात बेल्जममध्ये कापडाचं शिकते. कापड शिकायला तेवढ्या लांब जावं लागतं! जाताना माझी जुनी गोधडी घेऊन गेली होती. ती तिथल्या म्युझियमच्या बाईनं बघितली. एल्सबाई नाव. आता गोधडी काचेत ठेवणार म्हणे.
मी म्हटलं, "अगं, पांघरायची वस्तू ती. काचेला थंडी वाजते का?"
"आज्जी, इट्स आर्ट."
असेल बाई.
खाली पाटी लावणार. त्यावर करणारीचं नाव.

१५ ऑक्टो.
१५०/८८.
म्युझियमचा कागद आला, तोही फोनवर. प्रमोदनं वाचून दाखवला. पोरगा इस्पितळात एक्स-रे काढतो, सारखं माणसाच्या आतलं बघतो, पण आईनं दोनदा विचारलं की चिडतो.
"छापून आण, सही करते."
"तसं नाही चालत आई. तिकडचा कायदा आहे. सही फोनवरच. आधी तू तूच आहेस हे त्यांना पटवायचं. पटलं की बटण दाबायचं. मग ती पेनाच्या सहीइतकीच पक्की."
"मी मीच आहे हे त्यांना कोण सांगणार?"
"पासपोर्ट."
म्हणजे मी नाहीच सांगायचं.
वैशाली ड्यूटीवरून आली, तशीच गणवेशात भात गरम करत म्हणाली, "आई, इथं तुमचा बताका मोबाईलमध्ये आहेच की. तसंच ते." सून नर्स आहे, कमी बोलते, बरोबर बोलते. खरंय. बताका म्हणजे इथलं कुवेतचं ओळखकार्ड, ते फोनमध्ये आहे, त्यात माझा चोरासारखा फोटो. दवाखान्यात तोच दाखवतो. कार्डासाठी बोटांचे ठसे घेतले तेव्हा पहिलं बोट मशीननं घेतलंच नाही. सुईनं झिजलेलं. तिथल्या पोरीनं तीनदा पुसलं, शेवटी दुसरं घेतलं.

१६ ऑक्टो.
आकडे सकाळी घ्यायचे राहिले.
सही मला प्रमोदनं शिकवली, तो पाचवीत असताना. 'शकुंतला' एवढंच. त्याआधी अंगठा. लोकांना वाटायचं अडाणी. लिहिता येत होतं मला. पण जे नाव लिहिता येत होतं ते माझं राहिलं नव्हतं.

१९ ऑक्टो.
१४६/९०. व्हिडिओवर ओळख पटवायचं झालं. म्हणजे फसलं.
पडद्यावर एक हिंदीवाली पोरगी. प्रमोदला म्हणाली, खोलीत दुसरं कुणी नको. तो बाहेर गेला. पासपोर्ट उजेडात हलवून दाखवला. मान डावीकडे, मान उजवीकडे. लग्नाला मुलगी बघायला आल्यासारखं सगळं. चालून दाखव म्हणायचं तेवढं राहिलं.
मग म्हणाली, "अम्माजी, जन्म का नाम बताइए."
मी सांगितलं. चांगुणा.
ती कागदात बघते, परत विचारते. मी परत तेच. खरं विचारलं, खरं सांगितलं. तिनं सॉरी म्हणून बंद केलं.
प्रमोद कपाळाला हात लावून बसला. "आई, आडनाव विचारत होती ती! माहेरचं आडनाव!"
"नाव विचारलं तिनं. जन्मले तेव्हा मी शकुंतला नव्हते."
वैशाली तोंड फिरवून हसली. मी बघितलं.

२० ऑक्टो.
ईशानं एल्सबाईला समजावलं. लग्नात आडनाव बदलतं हे त्या लोकांना ठाऊक आहे. पण नावच बदलतं? पाळण्यातलं? एल्सबाईनं ईशाला तीनदा विचारलं म्हणे, हू डिसायडेड?
सासूनं. तिचंही नाव चांगुणा. एका घरात दोन चांगुणा कशा? हाक मारली तर ओ कोण देणार? नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं, शकुंतला. मला विचारलं नव्हतं. त्यालाही नसणार विचारलं.

२४ ऑक्टो. शुक्रवार
१५२/९०. सुट्टी. प्रमोद झोपलेला.
खालची फरीदाभाभी आली, कोळंबीचं कालवण घेऊन. राजापूरची. नवऱ्याचं इथंच खैतान भागात टायपिंगचं दुकान, दिवसभर लोकांचे फॉर्म. तिला सगळं सांगितलं.
"शकूभाभी, आमच्यात बाईचं नाव नाही बदलत. जे ठेवलं ते कबरीपर्यंत. तुमच्यात कापूनच टाकतात?"
"कापत नाहीत. झाकतात."
"मग झाकण काढा."
तिचं बरंय.
म्हणाली, युरोपात आता मोबाईलमध्ये सरकारी पाकीट निघतंय. त्यात सगळे दाखले. आणि हवं तेवढंच दाखवायचं. वय दाखवायचं, पत्ता झाकायचा. नवरा वाचतो तिचा असलं.
मी म्हटलं त्यात नवीन काय, बायका कधीपासून तेच करतात. पदर तेवढ्यासाठीच असतो.
पण त्या पाकिटात एकाच बाईच्या दोन नावांना कप्पा आहे का, ते विचार म्हटलं तुझ्या नवऱ्याला.

२७ ऑक्टो.
ईशाचा फोन. आज सरळ बोलली, इंग्रजी कमी.
"आज्जी, दुसऱ्यांदा व्हिडिओ करू. शकुंतला सांग, पाच मिनिटांत होईल. पाटीवर शकुंतला येईल."
"आणि चांगुणा?"
"त्याला प्रूफ पाहिजे. सही करणारी आणि गोधडी करणारी एकच, असं."
मग ती म्हणाली, "तुला एवढं महत्त्वाचं आहे?"
कारटी. हिला वाढवली मी, आईबाप दोघं शिफ्टला. आता विचारते.
गोधडी लग्नाच्या आधीची आहे. आईची दोन लुगडी, माझा परकर, भावाचा फाटका सदरा. पंधरा वर्षांची होते. शकुंतलेनं त्या गोधडीत एक टाका घातलेला नाही. तिनं फक्त पांघरली. तिचं नाव कसं लावायचं?

२ नोव्हें.
१४४/८६. बरं आहे.
भावाला फोन केला, गावी. बाळू सत्तरीचा झाला तरी बाळूच. शाळेत गेला, हेडमास्तरशी वाद घातला, रजिस्टर काढायला लावलं. नाव आहे! चांगुणा बाबूराव. तिसरी. दाखल्याचा आणि रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. शाळा सोडल्याचं कारण, 'घरकाम'.
दोनदा वाचला. मग प्रमोदला दाखवला. तोही बराच वेळ बघत होता. त्याला ते नाव माहीत होतं, पण लिहिलेलं बघितलं नव्हतं.

५ नोव्हें.
नाही चालत. दाखल्यावर चांगुणा, पासपोर्टवर शकुंतला. दोघी एकच असं सांगणारा कागद कुठाय? लग्न नोंदवलेलं नाही. गॅझेट नाही. पुरावा एकच, ताटातले तांदूळ. ते दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले असतील.
वैशाली म्हणाली, "गावी जाऊन ॲफिडेव्हिट करता येईल." रजा नाही कुणाला. पाटी वीस तारखेला छापायला जाणार.
एल्सबाईचा राग येत नाही. बिचारी रोज ईशाला मेल करते. नियम तिनं केलेले नाहीत. तसे सासूनंही केले नव्हते.

७ नोव्हें. शुक्रवार
१५६/९२. गोळी दोनदा घेतली का काय, आठवत नाही.
सगळे समुद्रावर गेलो. आता हवा बरी झालीय. कॉर्निशवर, किनाऱ्याच्या कट्ट्यावर बसले आणि सांगून टाकलं. कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.
गोधडीच्या आत नाव आहे.
सासरी नाव बदलणार हे कळलं तेव्हा शेवटचा कोपरा शिवायचा राहिला होता. पांढऱ्या चिंधीवर लाल दोऱ्यानं नाव टाचलं. तिसरीतल्या अक्षरात. आणि आतल्या थरात सारलं. आईनं विचारलं, काय घातलंस गं? म्हटलं, चिंधी.
प्रमोद उठून उभाच राहिला. मी म्हटलं, "तू एक्स-रे काढतोस ना?"
"सुती दोरा एक्स-रेत दिसत नसतो, आई."
मग कशाला एवढं शिकलास.
वैशाली हसली नाही. माझा हात धरून बसली. घामेजलेला हात तिचा, पण काढून घेतला नाही मी.

१० नोव्हें.
एल्सबाई म्हणाली, चालेल; आतलं नाव शिवणारीलाच ठाऊक असणार, म्हणजे ती मीच. कापडाच्या वयाचा तपास होतो, अक्षर रजिस्टरातल्या सहीशी ताडता येतं. शाळा सोडतानाची माझी सही आहे त्या पानावर, वेडीवाकडी. ते लोक धरतील म्हणे बहुतेक. बहुतेक.
पण शिवण चार बोटं उसवावी लागेल. हातमोजे घालून.
माझ्याच गोधडीला हातमोजे!

१३ नोव्हें.
१५०/९०.
उसवायला मालकिणीची परवानगी पाहिजे. परवानगीवर सही पाहिजे, त्याच कायद्याची. सकाळी व्हिडिओ केला. तीच हिंदीवाली पोरगी. "अम्माजी, नाम?"
शकुंतला म्हटलं. पाच मिनिटांत झालं, ईशा म्हणाली होती तसं. पोरीनं थँक्यू म्हटलं. मला उगाच तिच्यापुढं खोटं बोलल्यासारखं वाटलं, खोटं काहीच नव्हतं तरी.
मग ईशाला फोनवर सांगितलं, एल्सबाईला सांग. कात्री लावायची नाही. सुईच्या टोकानं उसवायचं. गाठ डाव्या कोपऱ्यात आहे, लाल ठिपक्याच्या तुकड्याखाली. मी डावरी, म्हणून टाके उलटे दिसतील. घाबरायचं नाही. तिसऱ्या थरात हात घाला. ओढू नका.
"आज्जी, आणि तिथं काही नसलं तर?"
"नसलं तर परत शिवा."
परवानगीचा कागद उघडून प्रमोदनं फोन समोर ठेवलाय. रविवारपर्यंत मुदत. नाव आधीच छापलेलं, खाली हिरवं बटण. शकुंतलेनं दाबलं तर चांगुणा निघेल. नाहीतर नुसती चिंधी निघेल, दोरा विटून गेलेला, आणि मग या जगात ती कुठंच नव्हती असं होईल. आत होती तोवर होती तरी.
फोन सारखा काळा पडतोय. प्रमोद येऊन उजळून जातो.
बटणाला झिजलेलं बोट चालतं का, विचारायला पाहिजे. चहा ठेवते आधी.