उलटा कोट

३ जानेवारी २०२५, नेकनूर
अर्धवट कोट मागते! अस्तर लावू नका म्हणे, खडूच्या खुणा पुसू नका, कच्चे टाके काढू नका. किराणावाल्या बसवराजअप्पांची रुद्राणी – पुण्याला कला शिकून आलीय. कोट उलटा करून बीडच्या प्रदर्शनात टांगणार. "काका, शिंपीकाम लोकांना आतून दिसलं पाहिजे."
आतलं दिसू नये म्हणून तर अस्तर असतं! पण अप्पांच्या पोरीला नाही म्हणवेना.

९ जानेवारी
कोट दिला. देण्याआधी पाहिलं तर पाठीचा जोड सूतभर सरकला होता. उसवून पुन्हा घातला.

१७ जानेवारी
हॉटेलात गावातला बंकट सगळ्यांदेखत म्हणाला – "का बे शहादेव, उलटा कोट टांगलाय म्हणं! सुलटा येत न्हाई व्हय?" सगळे हसले. ह्याच्या रेडीमेड शर्टाचे पट्टे खिशावर जुळत नाहीत, अन् हा मला हसणार! मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. एक जुना कोट उसवला, शिवला, परत उसवला – चौदा वेळा. कपडा नीट बसला की लोक शिंप्याला विसरतात. बिघडला की बरोबर पत्ता सापडतो!

१९ जानेवारी
बीडला गेलतो. कोट दिव्याखाली. लोक नाक लावून बघत होते. एक बाई म्हणाली, "टाके बघा, तांदळाच्या दाण्यासारखे!" छाती फुगली. मग खालची चिठ्ठी वाचली – 'शिवण : स्थानिक कारागीर'.
स्थानिक कारागीर! तीस वर्षं पाटीवर 'शहादेव टेलर्स' लिहिलंय, ते दिसलं नाही? रुद्राणीला तिथंच सुनावलं. पोरगी वरमली. कोरी चिठ्ठी काढली. "चुकलं काका. कोणतं काम कुणाचं ते सांगा, तसंच लिहिते."
सांगायला लागलो. बेतणं माझं. मशीनची शिवण माझी. मग तिनं कॉलरच्या आतल्या टाक्यांवर बोट ठेवलं. मग काजांवर. मग तुरपाईवर. लोक वाकून वाकून बघत होते ते सगळं –
केसरबाईचं. माझ्या बायकोचं. भाकरी थापून झाल्या की उंबऱ्यात बसून करते. हातशिलाई म्हणजे वरकाम, असं मीच म्हणत आलो.
"लिही," म्हणालो. "आधी तिचं."

२० जानेवारी
घरी सांगितलं. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "तांदळावानी म्हणली? जाड्या का बारीक?"
बारीक, म्हणालो. सुई उजेडाकडं धरून पुन्हा ओवायला लागली.

२२ जानेवारी
पाटी उतरवली. टेप लावून पाहिला – दोन नावं मावत नाहीत. नवी फळी आणली.